हवेतले नत्र आणि लोखंडाची मजुरी



आमच्या वस्तीत दर रविवारी सकाळी मुलांची अभ्यासिका भरते. आम्ही पडलो कारकून, शिक्षण बी. कॉम. त्यामुळे गणित आणि इंग्रजी आमच्याकडे, तर विज्ञान एका शिक्षक मित्राकडे, अशी वाटणी ठरलेली. एका रविवारी ते मित्र गावी गेले होते. नववीतली एक मुलगी विज्ञानाचे पुस्तक घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. या मुलीचे आईवडील गावाकडे दीड एकर कोरडवाहू जमीन कसतात आणि ती शिकण्यासाठी मावशीकडे राहते. तिने विचारले, "काका, पुस्तकात लिहिलंय, हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आहे. युरियात पण नायट्रोजनच असतो ना? मग हवा फुकट असताना आमचे बाबा एका पोत्यासाठी दोन दिवस रांगेत का उभे राहिले?"

प्रश्न ऐकून आम्ही गप्प झालो. जमा-खर्चाचे काही विचारले असते तर लगेच सांगितले असते. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न काही पाठ सोडीना. शिक्षक मित्राला गाठले, ग्रंथालयात बसलो, जे कळले नाही ते दोन-दोनदा विचारून घेतले. एका रविवारचे पाच रविवार झाले. तेव्हा उमगले की या पोरीचा प्रश्न लहान नाही. गेली शंभराहून अधिक वर्षे जगातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झटत आहेत. आणि त्या सगळ्या गोष्टीत मधोमध उभे आहे ते आपले साधे लोखंड. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडत आहोत.

हवेचे कुलूप

आधी थोडा हिशेब करू. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात शेकडा ४६ या प्रमाणाने साधारण पावणेएकवीस किलो नत्र असते. आता एक एकर जमिनीच्या डोक्यावर जी हवा उभी आहे, तिच्यातले नत्र मोजले तर ते तीस हजार टनांहून जास्त भरते. म्हणजे शेतकरी ज्या मालासाठी रांगेत उभा राहतो, तोच माल त्याच्या डोक्यावर ढिगाने पडून आहे. नत्र म्हणजेच नायट्रोजन, हे आपण जाणताच.

पण हा माल कुलपात बंद आहे. हवेत नायट्रोजनचा अणू एकटा नसतो. दोन अणू जोडीने राहतात आणि त्या जोडीत एक नव्हे, तीन बंध असतात. म्हणून त्याला तिहेरी बंध म्हणतात. प्राणवायूच्या जोडीत दुहेरी बंध असतो. प्राणवायूची जोडी तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा नायट्रोजनची जोडी तोडायला लागते. म्हणून आपण श्वास घेतो तेव्हा प्राणवायू शरीराच्या कामी येतो, आणि नायट्रोजन मात्र जसा आत गेला तसाच बाहेर पडतो. पिकाचेही तेच. पानाला चोहोबाजूंनी नायट्रोजन लागलेला असतो, तरी नत्राविना ज्वारी पिवळी पडते.

पिकाला नत्र हवे असते ते अमोनिया किंवा नायट्रेटच्या रूपात. नायट्रोजनची जोडी फोडायची आणि प्रत्येक अणूला हायड्रोजनचे तीन-तीन अणू जोडून द्यायचे, म्हणजे अमोनिया तयार होतो. अमोनियापासून पुढे युरिया. सारी अडचण त्या पहिल्या पायरीवर आहे.

आणि ही गोष्ट केवळ शेतापुरती नाही. आमच्या माता-भगिनी लेकरांच्या ताटात डाळ वाढतात, जमेल तेव्हा अंडे देतात, ते प्रथिनांसाठी. नत्राशिवाय प्रथिन बनत नाही. बाळाच्या अंगावर चढणारे मांस, आपले रक्त, आपले केस, सगळ्यात नत्र आहे. ते पिकातूनच येते. आज जगातली जवळपास निम्मी माणसे कारखान्यात तयार झालेल्या नत्रावर पिकलेले अन्न खाऊन जगतात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

कारखान्यातले लोखंड

हे कुलूप कारखान्यापुरते उघडले ते जर्मनीत. १९०९ साली कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला. त्यासाठी त्यांनी ऑस्मियम नावाचा धातू उत्प्रेरक म्हणून वापरला होता. उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः न संपता दुसऱ्यांचे काम जमवून देतो तो. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ जसा स्वतः बोहल्यावर चढत नाही, तसे त्याचे असते. पण ऑस्मियम अत्यंत दुर्मिळ. साऱ्या जगातला गोळा केला तरी कारखाने चालणार नाहीत, अशी स्थिती.

तेव्हा बी.ए.एस.एफ. कंपनीत कार्ल बॉश यांच्या हाताखाली आल्विन मिटाश यांनी दुसरा उत्प्रेरक शोधायला घेतला. हजारो प्रयोग झाले. त्यात स्वीडनच्या खाणीतल्या लोहखनिजाचा एक नमुना चांगलाच कामाचा निघाला. गंमत अशी की शुद्ध लोखंड तेवढे काम करीत नव्हते. त्या खनिजात इतर द्रव्यांची मिसळ होती, तिच्यातच गुण होता. पुढे लोखंडात ॲल्युमिनियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची संयुगे मोजून मिसळून उत्प्रेरक बनवला गेला. १९१३ साली ओप्पाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. दुर्मिळ धातूने दाखवलेली वाट शेवटी लोखंडाने चालवली. आजही जगातले बहुतेक अमोनिया कारखाने लोखंडावरच चालतात. मुंबईत ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला जे मोठे खत कारखाने आहेत, तेथेही हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. चेंबूर-माहूलकडे राहणाऱ्या आमच्या वाचकांनी त्यांच्या चिमण्या रोज पाहिलेल्या आहेत.

हाबर यांना १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या अमोनियापासून खत होते, त्यापासूनच नायट्रिक आम्ल आणि पुढे स्फोटके होतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा दारूगोळा याच कारखान्यांच्या जिवावर चालला. १९१५ साली ईप्र येथे सैनिकांवर विषारी क्लोरीन सोडण्याच्या कामातही हाबर यांचाच पुढाकार होता. आणि १९३३ साली, जन्माने ज्यू म्हणून, त्यांनाच आपला देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी ते परक्या मुलखात वारले. असो.

या कारखान्यात लोखंडाचे काम कसे चालते? गेरहार्ड एर्टल यांनी ते उलगडून दाखवले आणि त्यांना २००७ साली नोबेल मिळाले. नायट्रोजनची जोडी लोखंडाच्या पृष्ठभागावर येऊन बसते, तिथे तुटते, आणि सुट्या अणूंना एक-एक करून हायड्रोजन जोडला जातो. पण त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट किंवा त्याहूनही जास्त दाब लागतो. शिवाय हायड्रोजन हवा. तो बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून, काही देशांत कोळशापासून काढतात. खर्चाचा मोठा भाग येथेच जातो. जगाच्या एकूण ऊर्जेपैकी शेकडा एक ते दोन टक्के ऊर्जा एकट्या अमोनियावर खर्ची पडते, आणि एक टन अमोनियामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले. हवा फुकट आहे, पण कुलूप उघडण्याची मजुरी फुकट नाही. वायू महागला की खत महागते. २०२१-२२ मध्ये जगभर वायूचे भाव भडकले तेव्हा खताचे भावही असेच चढले होते. दूरदेशीच्या वायूच्या नळीचे एक टोक अशा रीतीने आपल्या बांधावर येऊन पोहोचते.

मुळांवरच्या गाठी

पण थांबा. ४०० अंशांच्या भट्टीशिवाय नायट्रोजन फुटतच नाही असे म्हणावे, तर भुईमुगाचे काय? तुरीचे काय? आपले वाडवडील शाळेत गेले नव्हते, पण ज्वारीत तुरीचे तास घालायचे हे त्यांना माहीत होते. भुईमुगाचा बेवड चांगला, हरभऱ्यानंतरचे पीक जोमदार, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. पीक त्यांना साखर पुरवते आणि ते पिकाला हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून देतात. ना भट्टी, ना दाब. शेतातल्या मातीच्या तापमानालाच.

या जीवाणूंकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. त्याच्या पोटात जिथे नायट्रोजन फुटतो, त्या जागेचा नकाशा १९९२ साली अमेरिकेत किम आणि रीस या दोघांनी मांडला. तिथे लोखंडाचे सात अणू, गंधकाचे नऊ अणू आणि मॉलिब्डेनम या धातूचा एक अणू असतो. मधोमध एक कार्बनचा अणू आहे, हे नक्की व्हायला मात्र २०११ साल उजाडले.

आता पाहा, या सगळ्याला नाव कोणाचे मिळाले? फार वर्षे शास्त्रज्ञांचे लक्ष मॉलिब्डेनमकडेच होते. सात अणू लोखंडाचे आणि एक मॉलिब्डेनमचा, तरी खरे काम तो एकच करीत असणार, असे अनेकांना वाटे. सात मजूर घाम गाळतात आणि पाटीवर नाव ठेकेदाराचे, त्यातलाच हा प्रकार तर नाही ना? पुढे संशय वाढत गेला. मॉलिब्डेनम अजिबात नसलेले, केवळ लोखंडावर चालणारे नायट्रोजिनेजही काही जीवाणूंत सापडले. ते थोडे संथ असते, पण काम करते. मग नायट्रोजन प्रत्यक्षात लोखंडावरच बसत असेल का?

हा वाद निकाली कसा काढायचा? विकर हा प्रचंड मोठा रेणू. कारखान्यातल्या लोखंडाच्या तुकड्यावर तर अणूंची जत्राच असते. जत्रेत काम कोणी केले ते कळत नाही. त्यापेक्षा लोखंडाचा एकच अणू वेगळा काढावा, त्याला बसायला नेमकी बैठक करून द्यावी, आणि त्याच्याकडून नायट्रोजन फुटतो का ते पाहावे. याला लोखंडाचे रेणू-रसायन म्हणता येईल.

एकट्या लोखंडाची परीक्षा

याची सुरुवात १९६५ साली झाली. कॅनडातील टोरांटो येथे ॲलन आणि सेनॉफ यांना रुथेनियम धातूच्या एका संयुगात नायट्रोजनची अख्खी जोडी धातूला चिकटलेली आढळली. नायट्रोजन धातूच्या रेणूला असा धरता येतो, हे तेव्हा प्रथम कळले. पण धरणे वेगळे आणि फोडणे वेगळे. जोडी धरून तिचा अमोनिया करायचा, मोकळे व्हायचे आणि पुन्हा नवी जोडी धरायची, हे चक्र जमायला २००३ साल यावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेत यांडुलोव आणि श्रॉक यांनी ते जमवले. पण धातू कोणता? मॉलिब्डेनमच! लोखंडाची बाजू आणखी पडली.

मग २०११ साली रॉचेस्टर विद्यापीठात पॅट्रिक हॉलंड यांच्या गटाने दाखवले की लोखंडाचे तीन अणू पोटॅशियमच्या मदतीने एकत्र आले तर नायट्रोजनची जोडी पूर्ण फुटते, आणि तिच्यापासून अमोनियाही मिळतो. वाचकांना आठवत असेल, कारखान्यातल्या लोखंडातही पोटॅशियमची मिसळ असते. एकाला जे जमत नाही ते तिघांनी जमवले. मात्र ते चक्र नव्हते. काम एकदा झाले की लोखंड पुन्हा कामावर येत नव्हते.

अखेर २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत जॉन अँडरसन, जोनाथन रिटल आणि जोनास पीटर्स यांनी एकट्या लोखंडाकडून ते चक्र चालवून घेतले. त्यांनी लोखंडाच्या एका अणूला तीन बाजूंनी फॉस्फरसचे तीन अणू दिले आणि खालून बोरॉनचा एक अणू दिला. तिवईवर हंडा ठेवावा तसे लोखंड बसले, आणि वरच्या मोकळ्या बाजूला नायट्रोजनची जोडी येऊन टेकली. खालच्या बोरॉनची खुबी अशी की लोखंडाशी असलेली त्याची गाठ गरजेप्रमाणे सैल किंवा घट्ट होऊ शकते. नायट्रोजनला हायड्रोजन जोडत जाताना लोखंडाला कधी जास्त इलेक्ट्रॉन सोसावे लागतात, कधी कमी. गाठ ताठ असती तर लोखंड तिथेच अडकले असते. पुढच्याच वर्षी पीटर्स यांच्या गटाने बोरॉनच्या जागी कार्बन ठेवूनही हे चक्र चालते असे दाखवले, जरी अमोनिया कमी मिळाला. आणि कार्बन तर त्या विकराच्या मधोमधही आहे.

प्रयोगात भट्टी नव्हती. उलट तापमान शून्याखाली ७८ अंश, आणि दाब आपल्या नेहमीच्या हवेइतका. इलेक्ट्रॉन पुरवायला पोटॅशियम आणि ग्रॅफाइटचे एक तीव्र द्रव्य, आणि प्रोटॉन पुरवायला एक तीव्र आम्ल. इतकी थंडी कशाला? कारण इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन लोखंडाकडे न जाता परस्परच भेटले तर त्यांचा नुसता हायड्रोजन होऊन उडून जातो. गोदामातले धान्य दुकानापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत फुटावे, तशी ही गळती. थंडीत ती आटोक्यात राहते.

आणि मिळाले किती? लोखंडाच्या एका अणूमागे अमोनियाचे सात रेणू!

"एवढेच?" असे आमच्याही तोंडून निघाले. तेव्हा शिक्षक मित्राने आमच्याच भाषेत समजावले. नायट्रोजनची एक जोडी फुटली की अमोनियाचे दोन रेणू होतात. लोखंडाने एकदाच काम करून अंग टाकले असते, तर दोनाच्या वर आकडा गेलाच नसता. सात म्हणजे लोखंड परत परत कामावर आले. मॉलिब्डेनम नसताना, एकट्या लोखंडाच्या अणूवर नायट्रोजनचा अमोनिया होऊ शकतो, याचा तो पुरावा. नायट्रोजिनेजमध्येही तसेच घडते, हे यावरून आपोआप सिद्ध होत नाही. पण "लोखंडाला हे जमणारच नाही," असे म्हणायची सोय आता कोणाला राहिली नाही.

जमा आणि खर्च

आता आमच्या धंद्याप्रमाणे ताळेबंद मांडतो.

२०१३ साली घातलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी निम्म्याहून कमी अमोनियात गेले. बाकीचे गळतीत. २०१६ साली त्याच गटाने लोखंडाच्या एका अणूमागे ६४ रेणू मिळवले. २०१७ साली त्यांनी आधीपेक्षा सौम्य द्रव्ये वापरली, तेव्हा आकडा ८४ वर गेला, आणि चांगल्यात चांगल्या प्रयोगात शेकडा ७२ इलेक्ट्रॉन अमोनियात गेले. तुलनेसाठी निसर्गाचे खाते पाहा. नायट्रोजिनेज एका जोडीमागे आठ इलेक्ट्रॉन खर्च करते. त्यातले सहा अमोनियात जातात आणि दोन हायड्रोजनमध्ये. म्हणजे शेकडा ७५. शिवाय पेशीचे चलन असलेले ए.टी.पी. नावाचे सोळा रेणू जाळावे लागतात. मुळांवरच्या गाठीसुद्धा फुकट काम करीत नाहीत. त्यांची मजुरी पीक आपल्या साखरेतून देते.

खर्चाची बाजूही झाकून ठेवता कामा नये. त्या प्रयोगातली द्रव्ये इतकी महाग आणि ती बनवायलाच इतकी ऊर्जा लागते की त्यांच्यावर खत करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ८४ हा आकडाही कारखान्याच्या दृष्टीने क्षुल्लक. कारखान्यातला लोखंडाचा उत्प्रेरक वर्षानुवर्षे चालतो. मॉलिब्डेनमही मागे राहिलेले नाही. २०१९ साली जपानमध्ये निशिबायाशी यांच्या गटाने समेरियमचे एक संयुग आणि पाणी वापरून मॉलिब्डेनमच्या एका अणूमागे ४,३५० रेणू काढले. पण समेरियमही स्वस्त नाही.

मग उद्या "हवेपासून घरच्या घरी युरिया" अशी जाहिरात घेऊन कोणी दारात आला, तर त्याला उभे करू नका. हे ज्ञान अजून प्रयोगशाळेच्या काचेत आहे. दरम्यान दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न चालले आहेत. हाबर यांची पद्धत तीच ठेवायची, पण हायड्रोजन वायूऐवजी पाण्यातून, सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेवर काढायचा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, त्यात अशा अमोनियाचाही समावेश आहे. पण तिथेही भट्टी आणि दाब राहतोच. भट्टीशिवाय, साध्या विजेवर, लोखंडासारख्या स्वस्त धातूकडून अमोनिया करून घेता आला, तर लहान यंत्रे गावोगाव बसू शकतील. पल्ला लांबचा आहे. पण लोखंडच का, याचे कारण गरिबाला सांगावे लागत नाही. जे मुबलक आहे त्यावरच सगळ्यांचा हक्क पोहोचतो. रुथेनियम आणि ऑस्मियम तिजोरीत राहतात; लोखंड विळ्यात, तव्यात आणि नांगराच्या फाळात असते.

घरी करून पाहा

तोवर आपण हात जोडून बसायचे का? मुळीच नाही. गावाकडच्या वाचकांनी भुईमूग किंवा चवळीचे एखादे झाड ऐन वाढीत असताना हलक्या हाताने उपटावे. मुळावरची एक गाठ नखाने चिरावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ कामावर आहे. हिरवट किंवा करडी असेल तर तिचे काम थांबलेले आहे. तो लाल रंगही लोखंडाचाच. आपल्या रक्तात जे लोहयुक्त द्रव्य असते, त्याचेच भावंड त्या गाठीत असते. प्राणवायू मोकळा लागला तर नायट्रोजिनेज बिघडते, म्हणून हे द्रव्य प्राणवायूला धरून ठेवते आणि मोजून मापून देते.

द्विदल बियाण्याला त्या-त्या पिकाचे रायझोबियम संवर्धन लावावे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून हलके चोळायचे आणि सावलीत सुकवून लगेच पेरायचे. खर्च थोडा आहे. काढणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यावीत. युरिया एकदम न टाकता हप्त्याने, जमिनीत ओल असताना द्यावा. जगभरचा हिशेब असा की शेतात टाकलेल्या नत्रापैकी निम्मेच काय ते पिकाला लागते. उरलेले हवेत उडते, नाहीतर पाण्यात उतरते. आपल्याच विहिरीत ते नायट्रेट होऊन येते आणि तान्ह्या बाळांना बाधते. मात्र गाठींनी सगळेच भागेल असेही समजू नये. तुरीचे दाणे काढून विकले की त्यांच्याबरोबर नत्रही शेताबाहेर जाते. तेवढी भरपाई करावीच लागते.

पाचव्या रविवारी आम्ही आणि शिक्षक मित्र दोघांनी मिळून फळ्यावर हा सगळा जमा-खर्च मांडला. मुलीने तो वहीत उतरून घेतला आणि मावशीच्या फोनवरून वडिलांना वाचून दाखवला. वडील म्हणाले, आजोबा ज्वारीत तुरीचे तास घालायचे, ते आपणच मोडले. यंदा पुन्हा घालू. त्यांच्या रांगेचे दोन दिवस आम्ही भरून देऊ शकत नाही. पण पोत्याची किंमत कशाची आहे, हे आता त्या घरात ठाऊक आहे.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उभी राहिली. हातात पत्र्याच्या डब्यात लावलेल्या चवळीचे उपटलेले रोप होते. गाठ चिरलेली, आतून गुलाबी. म्हणाली, "काका, ही गाठ तर थांबत नाही. मग ते एकटं लोखंड चौऱ्याऐंशीनंतर का थांबतं?"

आम्ही शिक्षक मित्राकडे पाहिले. ते म्हणाले, "एक कारण कळलं आहे. कधीकधी लोखंड नायट्रोजन सोडून हायड्रोजनलाच धरून बसतं. पण ते कसं सोडवायचं, यावर अजून काम चालू आहे. तू दहावी-बारावी करून ये, मग आपण बोलू."

तिने तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. आमच्या वाचकांच्या घरातही असे प्रश्न विचारणारी मुले असतीलच. त्यांना गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणा, आणि मग खरोखर शोधायला लागा.